वरच्या डोहातले मासे

हा लेख मी तीन दिवाळ्या टाळला. या अंकाचे संपादक आमच्या कॉलेजचे जुने विद्यार्थी. दर पावसाळा संपला की त्यांचा फोन येतो, ‘गजभियेबाबू, माशांच्या दिवसांवर लिहा ना.’ मी गुडघेदुखी पुढे करतो. गुडघे खरंच दुखतात, पण लिहायला गुडघे लागत नाहीत, हे त्यांनाही कळतं नि मलाही. टाळायचं कारण वेगळं होतं. माशांवर लिहायला बसलो की सोनाबाईंवर लिहावं लागणार, आणि सोनाबाईंवर लिहायचं म्हणजे एका सरकारी नमुन्याच्या कागदावर मी काय खोटं लिहिलं ते सांगावं लागणार. आता वय सत्त्याहत्तर. ज्यांच्यासमोर मान खाली गेली असती ती माणसं राहिली नाहीत. म्हणून लिहितो.

खाणीचं नाव लिहीत नाही, दोन्ही गावांचीही नाही. चूक माझी आहे, तिला पत्ता माझाच पुरे. सोनाबाई आणि त्यांचा भाऊ सुखराम यांची नावं मात्र लिहितो, कारण नाव न घेता कुणाचं नाव साफ करता येत नाही.

मी भंडाऱ्याच्या एका कॉलेजात प्राणिशास्त्राच्या प्रयोगशाळेत सहायक होतो. बेडूक आणणं, बरण्यांतलं फॉर्मेलीन बदलणं, परीक्षेच्या दिवशी झुरळं मोजून वाटणं, ही माझी नोकरी. जिल्ह्याचे दोन तुकडे होऊन गोंदिया वेगळा झाला त्यानंतर तीन-चार वर्षांनी आमच्या विभागप्रमुखांना, ज्यांना मी कायम नुसतं ‘सर’ म्हणत आलो, एक काम मिळालं. खाणींच्या खालच्या अंगाला नद्यानाल्यांत काय उतरतं ते माशांवरून तपासायचं. त्या वेळी निम्म्या फायली भंडाऱ्यात आणि निम्म्या गोंदियात होत्या. परवानगीचा एक कागद शोधायला मी चार खेटे घातले, तो शेवटी आमच्याच कपाटात निघाला.

मासेच का, असं लोक विचारत. बाटलीत भरलेलं पाणी त्या दहा मिनिटांचं सांगतं. तपासणीला माणसं येणार हे कळलं की पंप बंद ठेवता येतो, नाल्यात निवळ पाणी सोडता येतं. मासा मात्र त्याच पाण्यात राहतो, तेच गाळातलं खातो, तेच कल्ल्यांतून गाळतो. पाण्यातून गेलेलं त्याच्या अंगात उरतं. बाटली आजचं सांगते, मासा वर्षाचं. आणि माशाला आगाऊ सूचना देता येत नाही.

पण कुठलाही मासा चालत नाही. पुरासोबत दहा कोस फिरणारा मासा कुठल्या पाण्याचं सांगतो हे कुणी सांगावं? आम्ही टेंगरा घ्यायचो. वीतभर, मिशांचा, अंगावर खवले नाहीत, हाताला बुळबुळीत, आणि पंखाशी असा काटा की टोचला तर दोन तास बोट सुजतं. हा तळाशी राहतो आणि आपला डोह सहसा सोडत नाही. तो पकडायचा, लांबी-वजन घ्यायचं, कल्ले, काळीज, मांस वेगवेगळं काढायचं, भट्टीत वाळवायचं, कुटायचं, आम्लात विरघळवायचं, गाळून बारीक बाटल्यांत भरायचं आणि नागपूरला यंत्रावर वाचून आणायचं. वाळवायच्या दिवशी सगळ्या मजल्यावर सुकटीचा वास. प्राचार्य शाकाहारी होते. ते रुमाल नाकाला लावून यायचे आणि म्हणायचे, ‘गजभिये, हे शास्त्र लवकर आटोपा.’

बर्फाच्या डब्यातून मासे मी एसटीनं आणायचो. एकदा तुमसरच्या गाडीत कंडक्टरनं डबा उघडायला लावला.

‘यात काय हाय?’

‘सरकारी काम आहे.’

‘सरकारी कामाचा वास मले माहीत हाय बाबू. हा मांगुराचा हाय.’

‘टेंगऱ्याचा आहे,’ मी म्हणालो. तो खूश झाला नि डब्याचं तिकीट घेतलं नाही.

या सगळ्या धंद्यात एकच नियम पहिला होता. जाळ्यातून पिशवीत जाईपर्यंत माशाला माझ्या हातमोज्यांशिवाय कुणाचा हात लागता कामा नये. आपण मोजतो ते इतकं थोडं असतं की कुणाच्या हाताची माती, जुन्या सुरीचा गंज, विहिरीचं पाणी, काहीही त्यात भर घालतं. सर हा नियम दर फेरीला सांगत. मी मान हलवायचो. इतक्या वेळा ऐकलं की ते ऐकू येणं बंद झालं.

आता सुखरामची गोष्ट. आंबागडचा डोंगर ओलांडला की पलीकडे एक नाला आहे, पुढे मोठ्या नदीला मिळणारा. नाल्यावर मँगनीजची खाण. खाणीच्या खाली ढिवरांची, म्हणजे मासेमारांची, वस्ती असलेलं एक गाव, सुखराम तिथला. खाणीच्या वर, जंगलाकडे, दुसरं गाव. दोन्ही गावांच्या मध्ये एक दगडी बंधारा, त्यामुळे खालचा मासा वर जात नाही. खाण आपल्या खड्ड्यातलं पाणी उपसून नाल्यात सोडायची, म्हणून उन्हाळ्यातही खालच्या डोहाला पाणी असायचं. लोकांना आधी त्याचा आनंदच होता. मग जाळी काळी निघू लागली. हात लावला की शिशाच्या पेन्सिलीसारखे डाग. मासे कमी झाले, आणि जे होते ते बाजारात कुणी घेईना. ‘खाणीचे हायेत का?’ हा प्रश्न आधी, भाव नंतर.

सुखराम पन्नाशीचा, बारीक, बोलताना समोरच्याच्या हाताकडे बघणारा. त्यानं गावाच्या सह्या घेऊन तक्रार केली. मागणी मोठी नव्हती. खाणीनं पाणी आधी खड्ड्यांत थांबवावं, गाळ खाली बसू द्यावा, मग सोडावं. तालुक्याच्या ठिकाणी बैठक ठरली. त्याआधी आमच्याकडून माशांची एक फेरी मागवली. एकच फेरी, कारण वेळ नव्हता.

खालच्या डोहातले मासे मी स्वतः घेतले, सुखरामच्या जाळ्यातून थेट पिशवीत. तो बघत होता.

‘मोजे घालून मासे पकडून राहिले,’ तो बाजूच्याला म्हणाला. ‘माशाले लाज वाटत असंल.’

मी त्याला समजावलं की खालचे मासे एकटे काही सांगत नाहीत. खाणीच्या वरचे मासेही हवेत, म्हणजे फरक दिसेल.

‘वरचे पायजे त माझ्या बाईच्या घरी जा,’ तो म्हणाला. ‘सोनाबाई. वरच्या गावात देल्ली हाय. तिचा मालक त्या डोहावर जाते. माझं नाव सांगजा.’ बाई म्हणजे त्याची थोरली बहीण, वरच्या गावात दिलेली.

त्याच आठवड्यात मी वरच्या गावी गेलो. मे महिना. एसटी फाट्यावर सोडते, तिथून चार किलोमीटर पायी. सोनाबाईंच्या अंगणात पोचलो तेव्हा डोळ्यांपुढे अंधारी येत होती. सुखरामचं नाव सांगितलं तशी त्यांनी बाज टाकली, गुळाचं पाणी दिलं. सुखरामहून आठ-दहा वर्षांनी मोठ्या, डोक्यावरून पदर, हसताना तोंडावर हात.

‘कसा हाय जी माझा भाऊ? तक्रारी करून राहिला म्हणते. लहानपणापासून तसाच. मास्तरनं मारलं त मास्तरच्या बापाकडे गेला होता सांगाले.’

जेवायला बसवलं. भात आणि आंब्याची चटणी. मी म्हणालो, आता डोहावर जाऊ. त्यांचे पती, अबोल गृहस्थ, जाळं खांद्यावर घेऊन उभे होते. डोह अजून तीन किलोमीटर आत, झाडीतून.

सोनाबाईंनी माझ्याकडे पाहिलं. ‘तुम्ही कायले जाता या उन्हात? पडसान रस्त्यात. हे आणतेत ना. तुम्ही आडवे व्हा.’

मी आडवा झालो. एवढंच झालं. फक्त जाणाऱ्याला इतकं म्हणालो, ‘कापू नका. अख्खे पाहिजेत.’

उठलो तेव्हा उन्हं कलली होती. मासे आले होते, पंधरा-सोळा टेंगरे, टोपलीत पळसाच्या पानांवर मांडलेले. इतके स्वच्छ टेंगरे मी पूर्वी पाहिले नव्हते. बुळबुळीतपणा नाही, हाताला कोरडे.

‘तुम्ही धुतले?’

‘राख लावून घासले जी. नाई त हातात धरता येते कुठं? शहरात न्यायचे मासे, चिकट कसे देईन? कल्ल्यात पन राख भरली होती, रस्त्यात वास नोको याले. मंग विहिरीच्या पाण्यानं धुतले. कापले नाईत, तुम्ही सांगतलं होतं ना.’

आमच्या भागात पाहुण्याच्या हाती बुळबुळीत मासा देत नाहीत. घरच्यांसाठी कसाही चालतो, पाहुण्यासाठी साफ. मला नको म्हणायचं सुचायला हवं होतं. टोपली परत द्यायची, रात्री तिथेच मुक्काम करायचा, सकाळी स्वतः डोहावर जायचं. पण शेवटची गाडी साडेपाचची होती. एका माशाचा कल्ला उघडून पाहिला, लाल दातऱ्यांमध्ये करडं काहीतरी बसलेलं होतं. सोबतच्या शुद्ध पाण्यानं ते धुतलं. मनात म्हणालो, राख म्हणजे राख, ती काय मँगनीज आहे?

मग पेन काढून नमुन्याचा कागद भरला. त्यात एक रकाना असतो, नमुना कोणी व कसा घेतला. मी लिहिलं, ‘स्वतः, जाळ्यातून थेट.’ खाली सही.

निकाल आला तेव्हा सर कागद घेऊन माझ्या टेबलाशी आले. टेंगऱ्याचं काळीज एवढंसं, यंत्राला पुरत नसे, म्हणून त्या फेरीत सगळा भर कल्ल्यांवर होता. खालच्या डोहातल्या माशांच्या कल्ल्यांत मँगनीज भरपूर. वरच्या डोहातल्यांतही जवळजवळ तेवढंच.

‘गजभिये, वरचे मासे नक्की वरचेच ना?’

‘हो सर.’

‘तुम्ही स्वतः घेतले?’

‘हो सर.’

बैठकीला मी कोपऱ्यात बसलो होतो. खाणीचे एक अधिकारी होते, सभ्य बोलणारे. त्यांनी आमचाच तक्ता पुढे सरकवला. म्हणाले, खाणीच्या वर आणि खाली सारखंच आहे, तर हा इथल्या मातीचा गुण आहे, खाणीचा काय संबंध? आमच्या भागात जमिनीतच मँगनीज आहे, तेव्हा हे कुणालाही पटण्यासारखं होतं. सरांनाही पटलं. तक्रारीत तथ्य आढळत नाही, असं लिहिलं गेलं.

बाहेर पिंपळाखाली सुखराम मला भेटला.

‘बाबू, वरचे मासे कोनाच्या घरून आनले तुम्ही?’

‘तुमच्या बहिणीच्या.’

सुखरामसोबतचा एक जण बोलला. ‘तिच्या पोराले याच महिन्यात खाणीत लावलं ना मस्टरवर. आता समजलं काहून लावलं थे. खालचेच मासे वरचे म्हणून देल्ले असतीन.’

‘तसं नाही,’ मी म्हणालो. पण इतक्या हळू, की ते मलाच धड ऐकू आलं नाही.

‘तुम्ही डोहावर गेल्ते का?’ सुखरामनं विचारलं.

मी मान हलवली. कोणत्या बाजूला, ते मला आजही सांगता येणार नाही. त्यानं ती होकारार्थी धरली नाही, एवढं खरं. तो माझ्या हातांकडे बघत होता.

राखेचं कोडं मला दोन महिन्यांनी सुटलं. चहाच्या टपरीवर उभा होतो, टपरीवाला चुलीतली राख झाडाच्या मुळाशी टाकत होता. ‘झाडातून आलेलं झाडाले परत,’ म्हणाला. झाड जमिनीतून काय काय ओढून घेतं. लाकूड जळून जातं, ओढलेलं राखेत उरतं. आमच्या मँगनीजच्या जमिनीतलं झाड, त्याच्या लाकडाची चूल, त्या चुलीची राख.

मी त्याच चुलीतली पाव किलो राख पुडीत बांधून नेली. बाजारातून बारा टेंगरे घेतले. सहांच्या कल्ल्यांत राख भरली, विहिरीच्या पाण्यानं धुतली. सहा तसेच ठेवले. सर रजेवर होते. वाळवले, विरघळवले आणि नागपूरला जायच्या दुसऱ्या बाटल्यांत खोटे क्रमांक टाकून घुसवले. मी आयुष्यात स्वतःच्या डोक्यानं केलेला तो एकमेव प्रयोग, आणि तो अगदी नीट केला. राख न लावलेल्यांत फारसं काही नव्हतं. राख लावलेल्यांत कितीतरी पट.

म्हणजे वरचे मासे वरचेच होते. सोनाबाईंनी कुणाला फसवलं नव्हतं. बुळबुळीत मासा पाहुण्याला देऊ नये, इतकंच त्यांनी पाळलं होतं. आणि सुखरामची तक्रारही बहुधा खरी होती, ती माझ्या झोपेनं खोटी ठरवली. हे सगळं, नागपूरचे आकडे टिपलेल्या एका चिठ्ठीवर, माझ्या हातात होतं. सरांना जाऊन सांगायचं होतं. सर रागावले नसते. त्यांनी फक्त चष्मा काढून पुसला असता, आणि मला तेच सोसलं नसतं. शिवाय तो सहीचा कागद. निवृत्तीला माझी चार वर्षं उरली होती. खोट्या नोंदीची चौकशी लागली तर पेन्शन अडकते, हे मी दुसऱ्यांच्या बाबतीत पाहिलं होतं. मी चिठ्ठी फाडली. काम संपलं, विभागानं दुसरं काम घेतलं, पुन्हा फेरी झाली नाही.

आमच्या झाडीपट्टीत दिवाळीनंतर गावोगाव मंडई भरते. लेकीबाळी माहेरी येतात, दिवसा बाजार, मग रात्री दंडारीचं लोकनाट्य नाहीतर नाटक, घरात पाय ठेवायला जागा नसते. त्या वर्षी सुखरामच्या गावच्या मंडईला सोनाबाईंना बोलावणं गेलं नाही. भाऊबीजेला सुखराम गेला नाही. हे मला कुठून कळलं? तुमसरच्या बाजारात मासे विकणाऱ्या बायांकडून. मी विचारायचो नि त्या सांगायच्या. पुढच्या वर्षीही तेच. त्याच्या पुढच्याही. भाऊ-बहीण एका नाल्यावर राहून आठ वर्षं बोलले नाहीत.

निवृत्तीनंतर मी एकदा वरच्या गावी गेलो. एसटीत सगळं पाठ केलं होतं. सोनाबाई अंगणात बसल्या होत्या, थकलेल्या, पायांना सूज. त्यांनी मला लगेच ओळखलं.

‘बाबू, माशेवाले. या जी. बुढे झाले तुम्ही पन.’

चहा झाला. मुलाला खाणीत कायम केलं होतं, ते सांगितलं. मग त्या आवाज उतरवून म्हणाल्या, ‘बाबू, एक विचारू का? माझ्या हातानं काही बिघडलं होतं का त्या टायमाले?’

इतकी वर्षं त्या बाईनं हा प्रश्न सांभाळून ठेवला होता. मी म्हणालो, ‘नाही. तुमच्या हातानं काही बिघडलं नाही.’ हे खरं होतं. पुढचं वाक्य होतं, बिघडलं ते माझ्या हातानं. ते ओठांशी आलं. तेवढ्यात त्याच बोलल्या.

‘तसं असंल त सुखरामले सांगजा ना एक डाव. मी सांगतलं त तो आयकत नाई. तुम्ही शिकलेले, तुमचं आयकन. वरचेच मासे होते म्हणाव. बाकी मले काही नाई पायजे.’

‘सांगतो,’ मी म्हणालो.

त्या खूश झाल्या. मला घरच्या वालाच्या शेंगा बांधून दिल्या.

त्या हिवाळ्यातच सोनाबाई गेल्या. सुखराम मातीला आला होता, लोकांच्या मागे उभा राहिला आणि कुणाशी न बोलता परतला, असं ऐकलं. दोन वर्षांनी तोही गेला. तोवर खाणीपाशी गाळ बसवायचे खड्डे खणले होते. कुणाच्या सांगण्यावरून, ते मला माहीत नाही. आमच्या तपासणीवरून नव्हे, एवढं माहीत आहे.

लिहून ठेवतो: सोनाबाईंनी दिलेले टेंगरे वरच्याच डोहातले होते. त्यांच्या मुलाच्या नोकरीचा आणि माशांचा काही संबंध नव्हता. नमुना मी स्वतः घेतला नाही. कागदावरची सही माझी आहे.

सोनाबाईंना ‘सांगतो’ म्हटलं त्याच दिवशी मी खरोखर सुखरामकडे गेलो होतो. शेंगांची पिशवी हातात घेऊन, नाल्याच्या काठाकाठानं, बंधाऱ्यावरून खाली. तो ओसरीत जाळं शिवत बसला होता. त्यानं मान वर केली, आधी माझ्या हातांकडे पाहिलं, मग तोंडाकडे. बसायला पोतं सरकवलं. आतून कुणीतरी पाणी आणून दिलं. जाळ्याची गाठ मारून त्यानं धागा दातानं तोडला.

‘कसे आले बाबू इकडे?’

मी पाणी प्यालो. तांब्या खाली ठेवला.

‘काही नाही,’ मी म्हणालो. ‘सहज.’